तुमच्यात म्हणजे कुठे?

सायमनकाका साळव्यांना शिवी दिलेली चालेल, पण 'तुमच्यात' म्हटलेलं अजिबात चालत नाही.

पनवेलच्या आमच्या सोसायटीत मी नवी आले, तेव्हा ही चूक मीही केली. शेजारून पुरणाचा वास आला, मी आपली सहज म्हणाले, "अय्या, तुमच्यात पुरणपोळी करतात?"

"तुमच्यात म्हणजे कुठे?" काका उखडले. "आम्ही काय चंद्रावरून आलो? डाळ इथलीच, गूळ इथलाच, आणि करणारी बाई नगरची!"

"अहो, पोरीला आधी पोळी द्या, मग भाषण!" आतून मार्थाकाकू ओरडल्या.

एकदा काका कॅनडाला मुलाकडे, डेव्हिडकडे, गेले. तिथल्या चर्चमधल्या एका बाईंनी कौतुकानं विचारलं, "तुम्ही ख्रिस्ती कधी झालात?" काका म्हणाले, "आमची पाचवी पिढी. तुमची?" परत आल्यावर हा किस्सा वॉचमनपासून भाजीवाल्यापर्यंत सगळ्यांनी ऐकला. मला सांगताना मात्र काका मध्येच म्हणाले, "इथे आम्ही गोऱ्या साहेबाचे, तिथे साधूबैराग्यांचे. घरचे कुणाचे गं?" मी चहा टाकला.

गेल्या महिन्यात काकू गेल्या. डेव्हिड आणि सून आले, ते लांब पांढरा गाऊन घेऊनच. "डॅडी, चर्चमध्ये सगळे येणार. हे बरं दिसेल."

काकांनी कपाटातून हिरवी नऊवारी काढली. "जन्मभर हीच नेसली ती. आता शेवटच्या दिवशी परकी करून धाडू?"

पण नेसवणार कोण? सुनेला येत नव्हती. काकांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांच्याच तोंडून निघून गेलं, "तुमच्यात येत असेल ना कुणाला?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आमच्या घरात नऊवारी शिवूनच आणतात हो!

"बरं. दार लोटून घे आणि तिच्या खांद्याला आधार दे," काका म्हणाले. "मीच नेसवतो."

"तुम्हाला येते?"

"सहा वर्षं मीच नेसवतोय. संधिवातानं तिची बोटं वळत नव्हती. कुणाला सांगायचं नाही, अशी शपथ घातली होती तिनं."

डेव्हिडनं गाऊन बॅगेत ठेवला. काका निऱ्या घालत होते आणि मी आपली रडत होते. त्यांनी कासोटा खोचला, पदर सारखा केला आणि रोजच्या सवयीनं खाली वाकून विचारलं, "घट्ट नाही ना झाली गं?"