एफपुढची दोन टिंबं

वसई ते विरार या टापूत अस्सल बुद्धीचा खाजगी गुप्तहेर एकच, आणि तो मी, सुधाकर चुरी. आडनावावर जाऊ नका. चुरी असलो तरी चोरी पकडतो. मनवेलपाड्यातल्या आमच्या तळमजल्यावर 'गुप्तहेर' अशी ठळक लाल पाटी आहे, बाणासकट. त्यामुळे मी गुप्त आहे हे सगळ्या पाड्याला ठाऊक आहे.

त्या रविवारी वरच्या मजल्यावरची ज्ञानदा लॅपटॉप छातीशी धरून खाली आली. डोळे रडून लाल. म्हणाली, "काका, माझ्या मॅन पेजचा घोळ झालाय."

मी दार लोटून घेतलं आणि हळूच विचारलं, "हा मॅन कोण? घरी माहीत आहे?"

मॅन कुणी नव्हताच. मॅन पेज म्हणजे संगणकाला द्यायच्या एखाद्या आज्ञेचं माहितीपान. आज्ञेपुढे डॅश देऊन जी अक्षरं लिहितात ते तिचे पर्याय, आणि ते पर्याय नीट वेगळे काढून देणारं एक फुकट साधन आहे. त्याचं मराठी पान ज्ञानदानं लिहिलं होतं. मैत्रिणी चिंचोटीच्या धबधब्यात भिजत होत्या तेव्हा ही घरात बसून 'आर्ग्युमेंट'ला मराठी शब्द शोधत होती. आता पानातलं उदाहरणच चालेना. संध्याकाळपर्यंत चाललं नाही, तर साधनाची नवी आवृत्ती मराठी पान वगळून निघणार होती.

तिनं हातानं टाइप केलं की चालायचं. पान तपासणाऱ्या मार्सेलनं तेच पानातून उचललं की अडायचं. हा मार्सेल निर्मळ गावचा, तिचा मित्र. मला संशयित मिळाला. मी लगेच फोन लावला.

"अंकल, मी काय नाय केलं," तो म्हणाला. "नुसती कॉपी केली."

कॉपीची इतकी सरळ कबुली दहावीच्या परीक्षा केंद्रावरही कुणी देत नाही. मी पुढचा प्रश्न विचारणार तोच ज्ञानदानं फोन हिसकावून घेतला आणि त्याची माफी मागितली.

मग मी डॅशवर आलो. उदाहरणात एके ठिकाणी दोन डॅश होते. आमच्याकडे रिक्षाचा एक डॅश बसला तरी माणूस आडवा होतो, इथे दोन. पण ते दोनच हवेत म्हणे. राहिलं एफ हे अक्षर. त्याला आर्ग्युमेंट लागतं, म्हणून त्याच्यापुढे कोलन. आर्ग्युमेंट म्हणजे वाद, वादात पक्ष दोन, टिंबंही दोन. धागा अगदी जुळत आला होता. ज्ञानदा म्हणाली, इथे आर्ग्युमेंट म्हणजे फाइलचं नाव वगैरे.

तिनं लॅपटॉप मिटायला घेतला. "राहू दे काका. लोक इंग्रजीच वाचतील." मला खरंच वाईट वाटलं. इतकं की क्षणभर मी स्वतःबद्दल बोलायचं थांबलो.

तेवढ्यात आमची आशालता चहा घेऊन आली. हिला एक खोड आहे. लग्नपत्रिका आली की ही तारीख नंतर बघते, आधी 'नमः' बघते. तिथे विसर्गाऐवजी कोलन छापला असेल, तर अक्षता टाकायच्या आधी यजमानाला चार शब्द सुनावते. लॅपटॉपच्या पडद्यात डोकावून ती म्हणाली, "अगं, एफला विसर्ग कशाला दिलास? एफः म्हणायचं का?"

"काकू, कोलन आहे तो."

"कोलन भरीव असतो. ही टिंबं पोकळ आहेत."

ज्ञानदानं अक्षर मोठं केलं आणि कपाळावर हात मारला. फाइलच्या माथ्यावर, वाचणाऱ्याला न दिसणाऱ्या ओळीत, तिनं 'श्री गणेशाय नमः' लिहिलं होतं. गेल्या आठवड्यात कौतुकानं ते आशालताला दाखवलं, तर 'नम'पुढे कोलन निघाला आणि पोरीला बोलणी बसली. घाबरून तिनं एका फटक्यात फाइलमधल्या यच्चयावत कोलनांचे विसर्ग करून टाकले.

"म्हणजे गुन्हेगार घरातच होता," मी आशालताकडे बोट दाखवत म्हणालो.

"चहा घ्या," ती म्हणाली.

ज्ञानदानं एफपुढे पुन्हा कोलन बसवला आणि दिवे लागायच्या आत मार्सेलचा निरोप आला की उदाहरण चालतंय, पान घेतलंय. ज्ञानदा आशालताच्या गळ्यात पडली. मी घसा खाकरून सुचवलं, की तपासाची पानात कुठेतरी नोंद व्हावी.

झाली. शेवटी 'ज्ञात दोष' या मथळ्याखाली ज्ञानदानं लिहिलंय: 'कोलनच्या जागी विसर्ग पडू शकतो. तसं झाल्यास गुप्तहेराला बोलावू नये, आशालताकाकूंना दाखवावं.'

गुप्तहेराचं नाव मात्र तिनं गुप्त ठेवलंय. पोरगी गुणी आहे.