सतरा कपांचा दुखवटा

हमादसाहेबांचे वडील वारले आणि मी दुखवट्याला जायचं ठरवलं. दुःख झालं म्हणून नव्हे. (म्हणजे झालं होतं, पण ते माझं स्वतःचं होतं.) आमच्या ऑफिसात बत्तीसपैकी चौदा जणांना काढायची यादी बनत होती आणि शेवटची सही हमादसाहेबांची. इथं दुबईत नोकरी गेली की व्हिसा जातो; व्हिसा गेला की अल बर्शाचा फ्लॅट, पोरीची शाळा, सगळं खलास.

"जा, तोंड दाखवून ये," बायको, थेरेसा, म्हणाली. "मयताला आलेला माणूस लोक विसरत नाहीत, कॅस्मिर."

मग वसईला मयताला निघतो तसाच निघालो. काळा सूट, काळा टाय, हातात हे एवढं पुष्पचक्र. लेकीनं, ट्रेसीनं, फोनमधून मान वर केली. "डॅडा, यू लुक लाइक अ पेंग्विन."

साहेबांच्या घराबाहेर दुखवट्याचा तंबू; आत दीडशे पुरुष, सगळे पायघोळ, पांढऱ्याशुभ्र कंदुऱ्यांत. भाताच्या परातीत मुंगळा पडावा तसा मी. फुलं कुणीच आणली नव्हती. माझं चक्र मी खुर्चीखाली ढकललं. लोक येत, साहेबांचा हात धरून दोन शब्द बोलत, बसत, कॉफी घेत आणि दहा मिनिटांत उठत. सोपं काम.

एक जण लांब चोचीची किटली घेऊन आला. बिनकानाचा इवलासा कप, त्यात वेलदोड्याची कडू कॉफी. प्यालो. त्यानं परत भरला. मयताच्या घरचं नको कसं म्हणायचं? प्यालो. त्यानं भरला. तो भरतो म्हणून मी पितो आणि मी पितो म्हणून तो भरतो, असं चाललं. भरला कप हातात घेऊन उठायचं तरी कसं? आठव्या कपाला माझ्या छातीत मच्छीमार बोटीचं इंजिन सुरू झालं. बाराव्याला मला तंबूच्या कापडाचे धागे मोजता येऊ लागले.

तेराव्या कपाला तंबू जवळजवळ रिकामा झाला होता. हमादसाहेब येऊन माझ्या शेजारी बसले आणि त्यांनी माझा हात धरला. त्यांचा हात गार होता.

"तेरा बाप है?" त्यांनी विचारलं.

"दो साल पहले गुजर गए, सर."

"तू गया था?"

"नहीं सर. फोन पे देखा. छुट्टी नहीं मिली।"

"किसने नहीं दी?"

मी घाईघाईनं चौदावा कप तोंडाला लावला. (त्यांनीच दिली नव्हती.) माझ्या डोळ्यांत पाणी आलं. अ‍ॅसिडिटीच असणार.  साहेबांनी हात मात्र सोडला नाही.

सतराव्या कपाला माझे हात इतके थरथरायला लागले, की कप आपोआप डुगडुगला. आणि चमत्कार! किटलीवाल्यानं मान लववली आणि तो निघून गेला.

"अरे, कप हलवला की 'बस' असा अर्थ होतो," दुसऱ्या दिवशी आमच्या ऑफिसचा रत्नागिरीचा ड्रायव्हर खैरुद्दीन कपाळाला हात लावून म्हणाला. "पहिल्याच कपाला हलवायचा होतास, बाबा!"

आठवड्यानं यादी लागली. माझं नाव नव्हतं! साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं.

"कॅस्मिर, सब आते हैं, दस मिनट में जाते हैं. तू तीन घंटा बैठा. तुझे बैठना आता है।" त्यांनी टेबलावरचे चौदा लिफाफे माझ्याकडे सरकवले. "अब इनके साथ बैठ. यल्ला, चल।"

पहिला लॉयड आला. नऊ वर्षं माझ्या शेजारच्या टेबलावरचा. त्यानं आधी मला पाहिलं, मग टिश्यूचा डबा, मग खजुराची ताटली.

"तू इकडे काय करतोस रे?"

"बसलोय," मी म्हणालो.

त्यानं नोकरी गेल्याचं पत्र वाचलं. मी त्याचा हात धरला, अगदी तंबूतल्यासारखा.

"तुझ्या जागी माझं नाव घातलं काय?" त्यानं शांतपणे विचारलं.

तोंड लपवायला या वेळी कपही नव्हता.

चौदाही जणांबरोबर बसलो. आता ऑफिसात कुणाशेजारी मी खुर्ची ओढली, की तो ड्रॉवर रिकामा करायला लागतो. जेवायला टेबल मला एकट्याला मिळतं. परवा घरी सोफ्यावर थेरेसाशेजारी टेकलो आणि सहज तिचा हात हातात घेतला. तिनं टीव्ही बंद केला, पदर सारखा करावा तशी ओढणी नीट केली, आणि म्हणाली,

"सांगून टाक, कॅस्मिर. माझ्या जागी कोण येतेय?"