एडविन सरांचं हसू आणि तीन कोटेशनं

राहुरी तालुक्यातल्या एका शिक्षण संस्थेत अध्यक्षांचं भाषण चालू असताना विज्ञानाच्या एडविन सरांना हसू येतं, ही बाब संस्थेने अत्यंत गांभीर्याने घेतली होती. हसू साधंसुधं नव्हतं. अध्यक्ष रंगनाथतात्या माईकवर "येत्या जूनपर्यंत मुलींचं स्वच्छतागृह" एवढं म्हणाले, की सरांच्या पोटातून ते निघायचं आणि खुर्ची हलायला लागायची. तात्या हे वाक्य दर पंधरा ऑगस्टला म्हणत आणि विसरले असतील लोक म्हणून दर सव्वीस जानेवारीला पुन्हा म्हणत. जून बिचारा न चुकता येई. सरांची मुलगी कृपा याच शाळेत सातवीत होती. शाळा सुटेपर्यंत ती पाण्याचा थेंब तोंडात घेत नसे.

इकडे सरांना नोकरीत कायम करण्याचा प्रस्ताव तात्यांच्या सहीसाठी पडून होता. हसू थांबल्याशिवाय सही नाही, असं मुख्याध्यापक श्रीमंत सरांनी तोंडी कळवलं. लेखी कळवायचं तर हसण्याचं कारण लिहावं लागलं असतं.

दवाखान्यात पोट तपासलं. ते ठणठणीत निघालं. मग कुणीतरी संमोहन सुचवलं. नगरला डॉ. आराधना नावाच्या बाई संमोहनाने उपचार करत. एडविन सर पदरमोड करून जायला तयार होते. पण ही संस्था खडूचा बॉक्ससुद्धा तीन कोटेशनांशिवाय घेत नाही. घेते तात्यांच्या मेव्हण्याकडूनच, पण कोटेशनं तीन लागतात. त्यात शिक्षकाचं मन म्हणजे संस्थेची मालमत्ता. ती परक्याच्या ताब्यात द्यायची तर रीतसर निवड नको का? 'योग्य संमोहनतज्ज्ञ निवड समिती' स्थापन झाली. अध्यक्ष श्रीमंत सर. बाकीच्या सदस्यांना संमोहनातलं ओ की ठो कळत नव्हतं, म्हणून ते निःपक्षपाती ठरले.

डॉ. आराधना पहिल्या आल्या. त्यांनी सरांना एकच प्रश्न विचारला, हसू नेमकं कशाने येतं? सरांनी सांगितलं. बाई समितीकडे वळल्या.

"मग स्वच्छतागृह बांधा. हसू थांबेल."

 श्रीमंत सरांनी शेरा मारला की उमेदवाराने विषयाबाहेरचा उपाय सुचवला, सबब अपात्र.

दुसऱ्या कोपरगावच्या पुष्पावतीबाई. मोबाईलवर कोर्स करून तज्ज्ञ झालेल्या. प्रयोगशाळेतला लंबक त्यांनी एडविन सरांच्या डोळ्यांपुढे डावीउजवीकडे हलवला आणि चौथ्या-पाचव्या झोक्याला स्वतःच घोरायला लागल्या. उठेनात. टेम्पोत घालून घरी पोचवावं लागलं. समितीने नोंद केली की उपचार प्रभावी आहे, दिशा चुकली.

तिसरा सुप्याचा कानिफनाथ. हा एमआयडीसीलगतचे प्लॉट विकायचा. त्याने आधी समितीवरच प्रात्यक्षिक दाखवलं. अगदी हळू आवाजात बोलत राहिला, इथून रोड जाणार, तिथं कंपनी येणार. सदस्य शुद्धीवर आले तेव्हा सगळ्यांनी प्लॉट बुक केले होते. असा तज्ज्ञ जिल्ह्यात दुसरा नाही यावर एकमत झालं. पण निवड कळवायला फोन लावला, तर तो बंद.

आता आली का पंचाईत. समितीने कपाळाला हात लावून पात्रतेचे निकष ठरवले. ज्याचं ऐकताना माणसाचे डोळे उघडे असावेत पण दिसू काही नये, मागचं सगळं विसरावं, आणि मध्येच थांबला की आपोआप टाळ्या वाजाव्यात, तो योग्य. निकष वाचून श्रीमंत सरांचा चेहरा उजळला. म्हणाले, काखेत कळसा अन् गावाला वळसा. असा माणूस तर आपल्या संस्थेचा अध्यक्षच आहे.

तात्यांनी आढेवेढे घेतले. मग समाजासाठी हेही करू म्हणाले.

उपचाराच्या दिवशी एडविन सरांच्या बायकोने, ग्रेसने, डबा देताना बजावलं होतं, "अहो, आज तेवढं हसू नका. दात दाखवून नोकरी कायम होत नसते." सरांनी मान हलवली होती.

तात्यांच्या केबिनमध्ये खुर्ची मांडली. समिती भिंतीला टेकून उभी.

"सर, डोळे मिटा," तात्या म्हणाले. "आता ऐका. येत्या जूनपर्यंत मुलींचं स्वच्छतागृह. काय दिसतंय?"

सरांच्या पोटातून हसू निघालं. ओठ चावून त्यांनी ते दाबलं. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. अखेर म्हणाले, "दिसतंय तात्या. फरशी बसलीय."

"पानी हाय का नळाला?"

"आहे. धो धो."

तात्या गहिवरले. प्रस्तावावर तिथल्या तिथं सही केली. श्रीमंत सरांनी मुद्दा काढला की विज्ञानाचा शिक्षक साक्ष देतोय म्हणजे काम पूर्ण झालं, मग उद्घाटन कशाला लांबवायचं? तात्यांनाही ते पटलं. रिकाम्या जागेत दोन बांबू रोवून त्यांना लाल फीत बांधली, मांडव घातला, फेटे आणले.

ग्रेस आली होती. तिने मांडवाच्या कडेकडेने जाऊन फितीच्या पलीकडे पाहिलं. तिथं घाणेरीची झुडपं होती. ती परत येऊन नवऱ्याशेजारी बसली.

"अहो, हाय कुठं ते?"

एडविन सरांनी नाकासमोर बघत हळूच सांगितलं, "समोर तर आहे. तुला दिसत नसेल तर एकदा तात्यांपुढे बसवावं लागेल."

फितीजवळ मुलींच्या घोळक्यात कृपा वाळलेल्या ओठांनी स्वागतगीत म्हणत होती. सरांना हसू आलं नाही. पोट अगदी शांत होतं. उपचार शंभर टक्के यशस्वी.

फीत कापली, टाळ्या पडल्या. उद्घाटनाचा फोटो तालुक्याच्या ग्रुपवर फिरतोय. पहिल्या रांगेत फेटा बांधून टाळ्या वाजवणारे तुम्हीच आहात ना? फोटोखालचा लाइकचा अंगठाही तुमचाच दिसतोय.