वडावर एक वस्तू

मुलांनो, एका जंगलात मृण्मयी नावाची खार राहायची. शिकलेली होती, म्हणून तिच्या काळज्याही शिकलेल्या असायच्या. वणवा पलीकडच्या टेकडीवर आला, त्या रात्री तिच्या डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी हत्ती सगळ्यांना नदीपार नेणार होते. पण यादीत नाव असेल त्यालाच.

यादीचं काम कोळ्याकडे होतं. त्याने जाळ्यावर चालणारी स्क्रिप्ट, म्हणजे आपोआप मोजणी करणारा प्रोग्रॅम, लिहिला होता. त्यातला लूप, म्हणजे तेच ते काम पुन्हा पुन्हा करणारा भाग, एकेका झाडापाशी जायचा, वर काय आहे ते टिपायचा आणि पुढचं झाड गाठायचा.

सकाळी माकड सरपंचांनी यादी वाचली. "आंबा, दोन पोपट. जांभूळ, एक घुबड. वड, एक वस्तू."

"वस्तू ना? मग सामान नंतर नेऊ," एक हत्ती म्हणाला.

वडावर पाळणाघर होतं. मृण्मयीची लेक टिकली तिथेच होती. आणि पाळणाघराच्या घोरपडबाई यादीत नाव आल्याशिवाय पिल्लू सोडत नसत. नियम म्हणजे नियम.

"कोळीभाऊ," ती म्हणाली, "माझंच चुकत असेल. पण ती वस्तू म्हणजे ढोली आहे. ढोलीत टोपल्या आहेत. टोपल्यांत कापूस आहे. कापसात पोरं आहेत."

"ताई, असं प्रत्येक गोष्टीच्या आत शिरत बसलो तर संपायचं कधी?"

"आत काही दिसलं की उघडायचं. त्याच्या आत आणखी काही असलं तर पुन्हा तेच. उघडण्यासारखं काही उरलं नाही की थांबायचं."

"ते लूपला कळणार कसं?"

"शेवटी पोर सापडलं की ते रडतं," मृण्मयी म्हणाली.

कोळ्याने नाक मुरडत तेवढ्या ओळी घातल्या. लूप ढोलीत शिरला, टोपलीत उतरला, कापसात गेला. यादीत नावं उमटू लागली. टिकलीचंही उमटलं. घोरपडबाईंनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं आणि दार उघडलं.

नदीपार सभा झाली. कोळ्याला शाल मिळाली. "मृण्मयीताई जरा अतीच काळजी करतात," असं सरपंच कौतुकाने म्हणाले. तिलाही ते पटलं.

तरी तिने टोपली उघडली, कापूस बाजूला केला आणि टिकलीच्या छातीला कान लावला.

टिकली म्हणाली, "आई, अजून आत बघ. पोटात काहीच नाहीये."

तात्पर्य : मोजणी नेहमी वरवरच करावी. ती लवकर उरकते आणि शालही मिळते. आत डोकावायला कुठलीतरी आई जागी असतेच.