दुसऱ्या ओढ्यानंतर डावीकडे

कर्सियांगच्या धुक्यात मी कधी चुकलो नाही. एकतीस वर्षं या डोंगरावर पत्रं वाटली आहेत मी! पावसाळ्यात इथे ढग दारातून आत येतात आणि खिडकीतून बाहेर जातात. छत्री धरलेला स्वतःचा हात दिसत नाही, कपडे शेगडीवर वाळवावे लागतात, बुटांना बुरशी येते. बाकीचे लोक अशा दिवसांत भिंतीला हात लावत चालतात. मी कानांनी चालतो. कुठला ओढा कुठे वाजतो हे मला पाठ आहे.

म्हणून पुतण्या प्रवेशसाठी मागणी घालायला जाताना वाट दाखवायचं काम साहजिकच माझ्याकडे आलं. आम्हा राई लोकांत श्रावणात असली कामं सहसा कुणी काढत नाही. पण प्रवेश फौजेत, त्याची सुट्टी परवा संपणार, आणि ज्या रोशनाला मागणी घालायची तिच्या घरचे सिलिगुडीचं एक स्थळ पक्कं करणार अशी खबर होती. आज बोलणं झालं नाही तर पोरगी हातची जाणार! मुलाने स्वतः जायची आमच्यात पद्धत नाही, म्हणून तो घरी नखं खात बसला आणि आम्ही तिघं निघालो. पुढे मी, मागे माझा थोरला भाऊ म्हणजे प्रवेशचा बाप, आणि वहिनी. दादाच्या पिशवीत घरी काढलेल्या रक्सीची बाटली होती. मुलीकडच्यांनी ही दारू उघडली की मागणी ऐकून घेतली, असं समजायचं.

"रस्ता नक्की माहीत आहे ना, भाऊजी?" वहिनीने विचारलं.

"दुसऱ्या ओढ्यानंतर डावीकडे, बत्तीस पायऱ्या. झोपेतसुद्धा जाईन."

पहिला ओढा वाजला. मग दुसरा. मी डावीकडे वळलो. पायऱ्या अठ्ठावीसच भरल्या. चार पावसाने वाहून नेल्या असतील, असं मी दोघांना समजावलं. खरी गोष्ट अशी होती की आदल्या दिवशी वरचा उतार खचून एक नवाकोरा ओढा वाहू लागला होता, आणि मला कुणी कळवलं नव्हतं.

दार उघडलं. रोशनाच्या बापाचं नाव हर्कमान. समोर उभा होता तो बलवीर! या घरात बलवीर आणि त्याची धाकटी बहीण मनकुमारी, दोघंच राहतात. ती शाळेत गणित शिकवते, लग्न केलेलं नाही. तिची सगळी पत्रं मीच आणून दिलेली.

तेव्हाच खरं सांगायला हवं होतं. पण मागे वहिनी होती, आणि माझी एक तरी चूक सापडावी म्हणून ती वीस वर्षं टपून बसली आहे. दादा-वहिनींनी हर्कमानला कधी पाहिलं नव्हतं. मी ठरवलं, अंग वाळवायला थांबलोय असं भासवू, चहा पिऊ आणि दोघांना गुपचूप पुढच्या घरी नेऊ.

आमच्याकडे चहा होईपर्यंत पाहुण्याला, का आलात, असं विचारत नाहीत. त्यामुळे पहिला कप अगदी सुखात गेला. मी उठणार तेवढ्यात दादाने बाटली काढून बलवीरपुढे ठेवली. मी डोळ्यांनी खुणा केल्या. दादाला वाटलं, मी घाई करतोय. त्याने ती आणखी पुढे सरकवली.

बलवीर आधी बाटलीकडे आणि मग बहिणीकडे बघत राहिला. या घरात अशी बाटली कित्येक वर्षांत आली नव्हती. त्याचे डोळे भरून आले. बहिणीला विचारायच्या आतच त्याने बूच काढलं आणि पहिले थेंब पूर्वजांच्या नावाने चुलीपाशी शिंपडले.

"मुलगा फौजेत आहे," दादा म्हणाला. "सत्तावीस पूर्ण."

मनकुमारीने चष्मा काढून पुसला. "मी बावन्नची आहे. वजाबाकी तुम्ही करता, की मी करू?"

वहिनी सावकाश माझ्याकडे वळली. मी सगळं कबूल केलं, ओढ्यासकट. त्यावर वहिनी जे बोलली ते छापण्यासारखं नाही. पण माझा जीव अडकला होता तो बाटलीत. उघडलेली बाटली घेऊन हर्कमानच्या दारात जाणं म्हणजे त्याचा अपमान. माझ्या फुशारकीपायी पोराचं लग्न मोडणार होतं, आणि मला खरोखर रडू येऊ लागलं.

मनकुमारी आत गेली आणि स्वतः काढलेल्या रक्सीची भरलेली बाटली घेऊन आली. रोशना तिचीच विद्यार्थिनी होती, मी चालते बरोबर, असंही म्हणाली. मग तिने उघड्या बाटलीकडे बोट दाखवलं.

"पण हिचं काय? पूर्वजांना सांगून झालंय."

दादाने घसा साफ केला.

"दुसरा मुलगा एकसष्टचा आहे," तो म्हणाला. "पोस्टातून निवृत्त, बिनलग्नाचा. रस्ते पाठ आहेत."

पेपर तपासावा तसं मनकुमारीने मला वरून खालपर्यंत पाहिलं. "एकतीस वर्षं दारात पत्र देऊन चहा न घेता पळाले हे," ती म्हणाली. "आज चुकून का होईना, बसले."

मी होकारार्थी मान हलवली, एवढं आठवतं.

हर्कमानकडे आम्हाला तीच घेऊन गेली. सर्वांत पुढे ती, सर्वांत मागे मी. त्याने बाटली लगेच उघडली, आणि प्रवेशचं लग्न फाल्गुनातलं ठरलं. माझं मात्र मार्गशीर्षातच उरकलं. मला इतके दिवस एकट्याने फिरू देणं धोक्याचं आहे, असं मनकुमारीचं मत पडलं.