लिंबाजीमामांचे पंधरा ब्लॉक

दिवाळीच्या आधी आठ दिवस वालूरहून लिंबाजीमामांचा फोन येतो. नमस्कार नाही, घरची ख्यालीखुशाली नाही. थेट प्रश्न.

"मास्तर, तुमचं ठिवायचं का काढायचं?"

पहिल्यांदा हा फोन आला तेव्हा मी परभणीच्या शाळेत वर्गावर होतो. पोरं माना वर करून माझ्याकडं बघत होती.

"काय काढायचं, मामा?"

"तुमचं ब्लॉक. सात नंबरचं. गाड्यांचा गेम, तिसऱ्या शर्यतीपर्यंत गेल्ते तुमी. तुमची अमानत हाय, म्हनून इचारायलोय."

मी हसू दाबत म्हणालो, "ठेवा मामा." ते म्हणाले, "ठिवतो," आणि फोन बंद.

लिंबाजीमामा माझे सख्खे मामा नव्हेत, ते सगळ्या वालूरचे मामा. बाजारगल्लीत त्यांचं पत्र्याचं दुकान होतं. आधी रेडिओ दुरुस्त करायचे. रेडिओ संपले तेव्हा त्यांनी कुणाकडून तरी जुना व्हिडिओ गेम आणला आणि तासाला पाच रुपये घेऊन आम्हा पोरांना खेळायला बसवू लागले. गावातल्या निम्म्या आयांनी त्यांना शिव्याशाप दिले. मामा म्हणायचे, "पोरगं माझ्या डोळ्यांपुढं बसलंय, हिरीत पोहायला न्हाई गेलेलं. फिकीर करू नका."

ज्यांनी ते यंत्र पाहिलेलं नाही त्यांना कार्डाची भानगड सांगावी लागेल. आगपेटीहून जरा मोठं, राखाडी रंगाचं एक कार्ड त्या यंत्रात खोचायचं. तुम्ही खेळ कुठवर नेला ते त्यात साठून राहायचं. कार्ड नसेल तर यंत्र बंद झालं की उद्या पुन्हा पहिल्यापासून. आणि वालूरात वीज जायची म्हणजे जायचीच. एका कार्डात पंधरा ब्लॉक, म्हणजे पंधरा जागा. आज माझ्या खिशातल्या मोबाइलमध्ये तसली दहा लाख कार्डं मावतील. पण तेव्हा त्या एका कार्डाला दुकानाचं दोन महिन्यांचं भाडं पडायचं.

मामांनी आधी परभणीतून स्वस्तातलं आणलं. वर छापलं होतं 'एकशे वीस ब्लॉक'. चौथ्या दिवशी ते कोरं झालं. आमचे पैलवान, गाड्या, शतकं, सगळं गेलं. त्या संध्याकाळी मामा घरोघर जाऊन आमच्या बापांची माफी मागत फिरले. माझे वडील तहसील कार्यालयात कारकून. त्यांना वाटलं मामांनी माझी सायकल हरवली. "पोराची तीन महिन्यांची मेहनत गेली, साहेब," मामा हात जोडून सांगत होते. वडील मला आत घेऊन गेले आणि तीन महिने मी कसली मेहनत करत होतो ते विचारू लागले.

दुसऱ्या आठवड्यात मामा रेल्वेनं हैदराबादला गेले. दोन दिवस दुकान बंद. येताना अस्सल कार्ड घेऊन आले, बनियनच्या आतल्या खिशात, रुमालात गुंडाळून. त्यानंतर जागांचं वाटप झालं. रेशनकार्ड मिळवणं त्यापेक्षा सोपं. नियमित येतो का, उधारी ठेवतो का, हरल्यावर बटणं आपटतो का, सगळं बघून मामा ब्लॉक द्यायचे. एका माणसाला एकच. कुणी जास्त मागितला की त्यांचं वाक्य ठरलेलं: "जागा वाढत न्हाई, मानसं वाढतेत."

पुढं त्यांना सगळ्या जगाचं माप त्यातच दिसू लागलं. सेलूच्या गाडीत चढले की आत बघून सांगायचे, "मागं दोन ब्लॉक मोकळे हायत, चला." मामींबद्दल म्हणायचे, "हिच्या डोस्क्यात एकच ब्लॉक हाय, आन त्यात माझ्या चुका साठवल्यात." मामी आतून म्हणायच्या, "पुरंना झालाय तो बी."

मामांचा मुलगा कैलास माझ्याच वयाचा. आमच्या सगळ्यांत हुशार हात त्याचा. गाड्यांच्या शर्यतीत तो पहिला येणार हे ठरलेलंच. पण पंधरा जणांच्या यादीत त्याचं नाव नव्हतं. घरच्यानं मागं थांबायचं, गिऱ्हाईक आधी, हा मामांचा न्याय. दुकान बंद व्हायच्या आधी अर्धा तास तो एकटा खेळायचा, पहिल्या शर्यतीपासून. चार-पाच शर्यती जिंकायचा आणि यंत्र बंद करायचा. उद्या पुन्हा पहिली. त्याचा राग कधी दिसला नाही. निदान मला दिसला नाही.

बारावीनंतर मी शिक्षकाच्या कोर्सला बाहेर पडलो. त्याच पावसाळ्यात कैलास काविळीनं गेला. मला पत्रानं कळलं. सुट्टीत आलो तेव्हा मामा दुकानात बसले होते, यंत्रावर फडकं टाकलेलं. त्यांनीच विचारलं, "खेळायचं का?" मी नको म्हणालो. नंतर मोबाइल आले, दुकानात रिचार्ज आणि झेरॉक्स सुरू झालं. आम्ही पंधरा जण पांगलो. आणि मग हे फोन सुरू झाले.

आमच्यात तो चेष्टेचा विषय झाला. चार नंबरचा पुण्यात इंजिनिअर आहे. "तुमचं मोकळं करू का?" हे वाक्य त्याच्या बायकोनं ऐकलं आणि तिला वाटलं कुठल्यातरी प्लॉटची गोष्ट आहे, नवऱ्यानं लपवून घेतलेला. अकरा नंबरचा तीन वर्षांपूर्वी वारला, ट्रकखाली. मामांनी त्याच्या बायकोला फोन केला.

"काय आहे त्यात?" तिनं विचारलं.

"कुस्तीचा गेम हाय, ताई. चार पैलवान पाडलेत त्यानं."

ती मग म्हणाली, "राहू द्या."

सगळेच राहू द्या म्हणायचे. म्हातारा माणूस आपली आठवण जपतोय, त्याचं मन कशाला मोडायचं, असं आमचं म्हणणं. त्यात आम्हाला आमचाच चांगुलपणा दिसायचा.

या वर्षी चुलतभावाच्या साखरपुड्याला वालूरला गेलो आणि दुपारी दुकानात डोकावलो. मामा बँकेत गेले होते. झेरॉक्सच्या मशीनशेजारी मामी बसल्या होत्या. मी सहज म्हणालो, "मामांचा फोन आला होता बरं का. मी म्हटलं, ठेवा."

मामी हसल्या नाहीत.

"तुमी पंधराच्या पंधरा जन ठिवा ठिवाच म्हनता," त्या म्हणाल्या. "एकानं तरी काढा म्हना की बाबा त्या मानसाला."

"म्हणजे?"

"कैलासनं जागा मागितली व्हती. हे म्हनले, कुनी मोकळं केलं की पयली जागा तुझी. आजारी पडल्यावर बी तो त्येच इचारायचा. झालं का कुनाचं मोकळं? हे म्हनायचे, व्हईल." त्यांनी पदरानं काउंटर पुसला. तो स्वच्छच होता. "म्हनून फोन करतेत. तुमाला वाटतंय तुमच्यासाठी करतेत."

मी स्टुलावर बसून राहिलो. इतक्या वर्षांचे फोन मला आठवत होते, आणि प्रत्येक वेळी मी काय म्हणालो तेही.

मामा आले, छत्री कोपऱ्यात ठेवली. मी म्हणालो, "मामा, माझं काढा."

त्यांनी मामींकडं पाहिलं. त्या उठून आत गेल्या.

"इचार करून सांगा, मास्तर. एकदा काढलं की माघारी येत न्हाई."

"काढा. आणि मामा, असली कार्डं अजून मिळतात. जुन्या वस्तूंवाले डबल भाव लावतात, पण मी मागवतो एक. अख्खं कार्ड कैलासचं."

"नगं. त्यानं ह्या कार्डातली जागा मागितली व्हती."

त्यांनी कपाटातून यंत्र काढलं, जुना टीव्ही पुढं ओढला. तारा जोडताना एकही चुकली नाही. पडद्यावर पंधरा चौकोन आले, प्रत्येकात एक बारकं चित्र. सातव्यात माझी लाल गाडी. मामांनी बटण दाबलं. यंत्रानं विचारलं, खात्री आहे का? त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मी मान हलवली. गाडी गेली. मला वाटलं होतं काहीच वाटणार नाही. तसं झालं नाही.

मग मामांनी गाड्यांचा गेम लावला आणि स्वतः खेळायला बसले. इतकी वर्षं त्यांनी आम्हाला खेळताना पाहिलं होतं, पण त्यांना वळणावर वेग कमी करायचा असतो हेही माहीत नव्हतं. गाडी कठड्याला घासत राहिली. दहा गाड्यांत दहावे आले. यंत्रानं विचारलं, साठवायचं का?

मामा पडद्याकडं बघत राहिले.

"पयला यायचा तो," ते म्हणाले.

"पुन्हा खेळू, मामा. मी शिकवतो."

"शिकून काय करू? मी खेळलेलं त्याच्या नावानं ठिवू का? ते खोटं व्हईल." त्यांनी 'नाही' दाबलं. मग बोलले, माझ्याशी नाही, टीव्हीशी बोलल्यासारखे. "कार्ड बिघडलं तवा दुसऱ्या आठवड्यात हैदराबाद गाठलं मी. पोराचे डोळे पिवळे झाले तर आठ दिवस झाडपाला पाजत बसलो. परभणी काय लांब व्हती?"

मी टीव्हीचा आवाज बारीक केला.

तेवढ्यात एक बाई आधार कार्डाची झेरॉक्स मागायला आल्या. मामा उठले, दोन्ही बाजूंची प्रत काढली, सुटे पैसे दिले, "फोटो पुसट हाय तुमचा, नवीन काढून घ्या," असंही सांगितलं. परत येऊन बसले आणि यंत्रावरचा तो पंधरा चौकोनांचा पडदा पुन्हा लावला. चौदा चित्रं, मधे एक काळा चौकोन.

"बंद करू का?" मी विचारलं.

"राहू द्या जरा."

मामी चहा घेऊन आल्या. कप ठेवून त्या टीव्हीपुढं उभ्या राहिल्या. एवढ्या वर्षांत त्यांनी तो पडदा कधी नीट पाहिला नसावा. त्या प्रत्येक चित्र निरखत होत्या.

"यातली कैलासची कंची?"

मामांनी काचेवर बोट ठेवलं. ते बोट उचलेपर्यंत चौकोन दिसतच नव्हता.

मामी वाकून बघत राहिल्या.

"एवढीशीच व्हती व्हय जागा," त्या म्हणाल्या.