मैना कोणत्या प्रकारात बसते?

एका जंगलात एक ग्रंथालय होते. हसू नका, बाळांनो. जंगलालाही आठवणी असतात, आणि त्या ठेवायला जागा लागते.

अर्जुनाच्या एका जुन्या, पोकळ झाडात ते ग्रंथालय होते. तिथे सापाची कात होती. रिकामे मोहोळ होते. पुराने घासून घासून गुळगुळीत केलेला गोटा होता. आणि एक मैना होती. मैना चांगली जिवंत होती. तिला एकतीस आवाज काढता येत. आटलेल्या ओढ्याचा येई, पडणाऱ्या सागाचा येई.

ग्रंथपाल होती एक सायाळ. तिला सगळे काटेबाई म्हणत. ग्रंथालयातल्या प्रत्येक गोष्टीची त्यांच्या सूचीत नोंद होती. नोंदीत 'साहित्यप्रकार' असा एक रकाना होता. त्या रकान्यात बाईंनी वरपासून खालपर्यंत एकच शब्द लिहिला होता : 'इतर'.

तरी कोणाचे काही अडत नसे. ससा येऊन म्हणे, "बाई, ती पुराची गोष्ट द्या." बाई गोटा काढून देत.

रोज दुपारी, जेवणाच्या वेळेला, खवलेआजोबा येत. हे एक म्हातारे खवल्या मांजर. अंगभर खवले, पोटाला मुंग्या, आणि चाल अशी सावकाश की सावली पुढे निघून जावी. आजोबांची बायको दोन वर्षांपूर्वी गेली होती. त्यांच्या बिळावरच्या झाडात ही मैना नऊ वर्षे राहिलेली. तिने आजीचा आवाज जसाच्या तसा उचलला होता.

"बाई, आमचं तेवढं," आजोबा म्हणत.

मैना मान वर करी आणि आजीच्या आवाजात म्हणे, "आलात का? पाय पुसून आत या. बसा लवकर, ताटातलं पळून चाललंय."

आजोबा खरोखरच पाय पुसत. "बसलो गं," म्हणत. तेवढे ऐकून घरी जात.

एके दिवशी राजधानीतून तपासनीस आले. ते धनेश पक्षी होते. त्यांच्या चोचीवर जन्मतःच टोपी होती, म्हणून त्यांना साहेब केले होते.

साहेबांनी सूची उघडली. एक पान पाहिले. दहा पाने पाहिली.

"बाई, सगळंच इतर?"

"सगळंच वेगळंवेगळं आहे ना, साहेब."

"इतर बंद!" साहेब म्हणाले. "आजपासून प्रकार पाच. पुस्तक, नकाशा, चित्र, ध्वनी आणि वस्तू. प्रत्येकाला चिठ्ठी हवी. चिठ्ठी नसलेली एक काडीही आत दिसता कामा नये."

चिठ्ठ्या टोचायला टाचण्या नव्हत्या. बाईंनी स्वतःचे काटे काढले.

कात लांब होती आणि तिच्यावर रेघा होत्या. ती नकाशा ठरली. मोहोळाला खूप घरे होती, पण वाचता येत नव्हते. साहेब म्हणाले, "मग अवघड पुस्तक असणार." गोटा साहेबांच्या पायावर पडला, तेव्हा ते ओरडले. गोटा ध्वनी ठरला.

मग मैनेची पाळी आली.

"ही बोलते. ध्वनी," साहेब म्हणाले.

तेवढ्यात मैनेने एक नाकतोडा खाल्ला.

"ध्वनी खात नाही!"

"उपाशी बोलायचं का मी?" मैना म्हणाली. "तुम्ही बोलून दाखवा बरं उपाशी."

साहेबांनी चिठ्ठी बदलली. रंग आहेत, तर चित्र. पण चित्र उलट उत्तर देत होते. मग त्यांनी तिचा पंख उघडला, पिसे मोजली आणि लिहिले : 'पुस्तक. पाने छत्तीस. एक गहाळ.' मैनेने साहेबांना टोच मारली. तो प्रकारही रद्द झाला.

प्रत्येक चिठ्ठीला एक काटा जात होता. बाईंची पाठ आता वारा लागून शहारत होती.

दुपारी आजोबा आले. त्यांनी पाय पुसले.

"बाई, आमचं तेवढं."

बाईंनी मान खाली घातली. "आजोबा, मैनेचा प्रकार ठरलेला नाही. ठरेपर्यंत कोणाला ऐकवायची नाही, असा हुकूम आहे."

"उद्या ठरेल?"

"बहुतेक."

उद्या ठरला नाही. परवाही ठरला नाही. मैनेच्या चोचीला वेल बांधून ठेवला होता. प्रकार ठरण्याआधी ती बोलली तर ती ध्वनीच्या बाजूने वशिला लावते असे झाले असते.

पाचव्या दिवशी आजोबा बाईंच्या अगदी जवळ आले. हळू आवाजात म्हणाले, "बाई, काल घरी आठवून बघितलं. शब्द सगळे आठवले. पण 'पुसून' म्हणताना ती आवाज ओढायची, तो कसा, ते काही केल्या आठवेना. म्हणून म्हटलं, जरा लवकर झालं तर बरं."

बाईंनी साहेबांकडे पाहिले. बाई रागावल्या की त्यांचे काटे उभे राहत. आता तीनच उरले होते, ते उभे राहिले.

साहेब घाबरले की काय कोण जाणे, पण त्यांनी लगेच लिहिले : 'मैना. ध्वनी.' चिठ्ठी टोचायला एक काटा गेला.

"झालं ना, साहेब? आता ऐकू द्या त्यांना."

"अवश्य. पण ध्वनीला वेगळा नियम आहे. लोक आवाज कानात घालून घरी नेतात. मग ग्रंथालयात काय उरणार? म्हणून ऐकताना दोन्ही कान दाराशी काढून ठेवायचे."

"कान काढून ऐकायचं कसं?" आजोबांनी विचारले.

"त्याबद्दल नियमात काही नाही," साहेब म्हणाले आणि जेवायला गेले.

खवल्या मांजराला फार वाईट वाटले, बाळांनो, की ते भांडत नाही. नाक पोटात घेते, शेपटी वरून ओढते आणि गोल होते. आजोबा तिथेच, मैना बसायची त्या फळीच्या पायथ्याशी, गोल झाले. आत अंधार होता. आतमध्ये ते 'पुसून, पुसून' असे मनात म्हणून बघत होते. जमत नव्हते.

साहेब जेवून परतले आणि गोळ्याला अडखळले.

"बाई! हे काय? याला चिठ्ठी नाही!"

बाईंनी सूची जवळ ओढली.

"फणस आहे का?" साहेबांनी चोचीने ठोकून पाहिले. "नाही. पानावर पान आहे, म्हणजे पुस्तक. पण उघडत नाही. हं. वस्तू! लिहा. वस्तू, एक. गोल. खवलेदार. कर्ता अज्ञात."

आजोबांनी आत सगळे ऐकले. त्यांना वाटले, आता उलगडावे आणि सांगावे, "साहेब, मी आहे." त्यांनी शेपटी जराशी सैल केली.

"ठेवू कुठे?" बाईंनी विचारले.

"नव्या नोंदीची जागा शेवटच्या नोंदीशेजारी. शेवटची नोंद कोणती?"

"मैना," बाई म्हणाल्या.

आजोबांनी शेपटी पुन्हा घट्ट केली. श्वाससुद्धा रोखला.

बाईंनी आयुष्यात कधी खोटी नोंद केली नव्हती. त्यांनी खाली पाहिले, वर पाहिले. मग काटा काढला आणि दोन खवल्यांच्या फटीत, दुखणार नाही अशी, चिठ्ठी खोचली : 'वस्तू. बाहेर नेण्यास मनाई.'

वस्तूने दुसऱ्या साहित्याचे ऐकू नये, असा नियम कुठेच नव्हता. वस्तूला कान असतात, हेच कोणी धरले नव्हते.

साहेब समाधानाने राजधानीला गेले. बाईंनी मैनेचा वेल सोडला. आजोबा फळीवरच राहू लागले. फळीला वाळवी होती, त्यामुळे जेवणाचीही सोय झाली. पुढच्या वर्षी अहवालात आले : 'वस्तू सुस्थितीत. किंचित जाड झाली आहे.'

पण खरी गोष्ट पुढेच आहे. आजोबा पूर्वी जेवणापुरते येत आणि तेवढेच ऐकून जात. आता ते दिवसभर मैनेच्या शेजारी होते. एका दुपारी मैना पंख साफ करत, कोणी न विचारता, आपल्याच नादात आजीच्या आवाजात बोलली. आजी बिळात एकटी असताना असे बोलत असे. आजोबांनी ते कधीच ऐकले नव्हते, कारण त्या वेळी ते घरी नसत.

"अजून आला नाही म्हातारा. येऊ दे सावकाश. त्याची चाल बघायला किती छान वाटतं."

फळीवरची ती वस्तू खूप वेळ हलली नाही. मग तिच्यातून पाण्याचा एक थेंब पडला. काटेबाईंनी तो पुसला. सूचीत त्याची नोंद केली नाही.

तात्पर्य : ग्रंथालयात काही हवे असेल तर वाचक म्हणून मागायला जाऊ नये, नियम आडवा येतो. वस्तू होऊन गप्प पडून राहावे, म्हणजे तोच नियम उचलून योग्य जागी नेऊन ठेवतो.